लाल पेनवाले सायब

शाळेच्या स्टाफरूममध्ये चौतीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. टेबलावर चहाच्या कपांची वर्तुळं उमटतात तसे ते आपोआप उमटत जातात, आणि कुठलं वर्तुळ कुणाच्या कपाचं हे नंतर सांगता येत नाही. माझी पंचाईत अशी की माझ्या बहुतेक किश्श्यांमधला कप माझाच निघतो!

मी मोहरील. रायपुरात इंग्रजीचा मास्तर होतो, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. वडील रेल्वेत होते, त्यांच्या बदलीबरोबर लहानपणी नागपूरहून इकडे आलो आणि इथलाच झालो. चौबे कॉलोनीत आमची चार-पाच मराठी घरं आहेत. रविवारी कुणाकडे पोह्यांना जमलो की फर्माइश ठरलेली, "सर, ते एसवाले किस्से होऊन जाऊ द्या!" मी सांगतो, मंडळी पोट धरून हसतात. माझी बायको कुंदा तेवढी हसत नाही. ती उठून चहा टाकायला जाते, कारण एक किस्सा मी दरवेळी गाळतो हे तिला ठाऊक आहे.

आज तोही सांगणार आहे. पण आधी आमची ऑर्डर बुक काय चीज होती ते सांगायला हवं.

शाळेतली प्रत्येक सूचना एका जाड वहीत हातानं लिहिली जायची, इंग्रजीत. ती वही घेऊन आमची शिपाई सोनमती बाई वर्गावर्गात फिरायची. आपण शिकवणं थांबवायचं, सूचना वाचायची, आपल्या नावापुढे सही करायची आणि वही परत द्यायची. यादीत पंचवीस नावं, सीनियॉरिटीनं माझं तिसरं. म्हणजे मी त्या वहीत जे करीन ते पुढचे बावीस जण बघणार!

आणि मी काय करायचो? सही निळ्या पेनानं करायचो, पण त्याआधी खिशातला लाल पेन काढून सूचनेतलं इंग्रजी दुरुस्त करायचो. असं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. नको करू असंही कुणी म्हणालं नाही, आणि मी त्यालाच मान समजत राहिलो.

* * *

पहिला किस्सा आमच्या प्राचार्या तिवारी मॅडमचा. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्यांनी लिहिलं की सगळे मोडके 'फर्निचर्स' मैदानात आणून ठेवावेत. मी शेवटचा एस लाल रेघ मारून उडवला आणि समासात लिहिलं, 'फर्निचरला अनेकवचन नसतं.'

मॅडमनी ऑफिसात बोलावलं. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मोहरील सर, एक बेंच टूटी हो तो भी फर्निचर, और चालीस टूटी हों तो भी फर्निचर?"

"जी मॅडम."

"तो सोनमती को कैसे समझ आएगा कि एक उठानी है कि चालीस?"

सोनमती दारातच उभी होती. कमरेला पदर खोचलेला, हात धुळीनं भरलेले. तिनं बाहेर रचलेल्या बेंचांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चालीस ठन हे, साहेब," ती आपल्या छत्तीसगढीत म्हणाली. "एस लगावव चाहे झन लगावव, उठाए बर तो मोला परही!"

एस लावा नाहीतर लावू नका, उचलावं तर मलाच लागणार! मॅडम खुर्चीत मागे रेलून हसल्या. मीही हसलो. पण चाळीस बेंच तिनं एकटीनं ओढत नेले, आणि मी नववीच्या वर्गात खिडकीशी उभा राहून अनेकवचनं शिकवत होतो. हा भाग मी पोह्यांच्या वेळी सांगत नाही.

* * *

नर्सरीच्या मर्सी मॅडम मूळच्या केरळच्या, नन्सच्या शाळेत शिकलेल्या. इंग्रजीच्या बाबतीत शाळेत मला भिडणारं एकच माणूस. त्यांनी वर्गाच्या दारावर रंगीत फलक लावला, 'आपले अल्फाबेट्स शिका'. मी म्हटलं, अल्फाबेट एकच असते मॅडम, सव्वीस असतात ती लेटर्स. त्या म्हणाल्या, "हमारे यहाँ सब अल्फाबेट्स ही बोलते हैं सर." मी म्हटलं, सगळे बोलतात म्हणून ते बरोबर होत नाही.

भांडण अकरा दिवस चाललं. स्टाफरूममध्ये दोन पार्ट्या पडल्या. त्यांची पार्टी खिडकीकडे चहा प्यायची, माझी पंख्याखाली. मी घरून डिक्शनरी आणली, त्यांनी त्याहून जाड आणली. मधल्या सुट्टीत आम्ही दोघं एकमेकांना पानं उघडून दाखवायचो, आणि बाकीचे समोसे खात कोण जिंकतं ते बघायचे.

बाराव्या दिवशी फलक गायब. त्या जागी एका हिरव्या पोपटाचं चित्र!

"ये क्या मॅडम?" मी विचारलं.

"तोता है सर," मर्सी मॅडम शांतपणे म्हणाल्या. "एक ही है. नीचे कुछ लिखा भी नहीं है, देख लीजिए."

त्या वर्षी नर्सरीची मुलं ए-बी-सीच्या आधी पोपट शिकली. मी जिंकलो होतो, पण माझ्याबरोबर चहा प्यायला खिडकीकडून कुणी परत आलं नाही.

* * *

लाल पेन शाळेपुरता राहिला असता तरी ठीक होतं. सकाळच्या फिरण्यातही तो डोळ्यांत असायचा. आमच्या गल्लीच्या टोकाला साहूजी राहतात, बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी गेटवर नवी पितळी पाटी बसवली, 'द साहू'. रोज जाता-येता ती मला खुपायची. घर म्हणजे कुटुंब. कुटुंबात माणसं अनेक, म्हणजे 'द साहूज' पाहिजे!

आठ दिवस दम धरला. नवव्या दिवशी साहूजी तुळशीला पाणी घालत होते, मी गेटशी थांबून सगळं व्याकरण समजावून सांगितलं. एस का लागतो, कुठे लागतो, पाटीवाल्याकडून कसा बसवून घेता येईल.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. लोटा खाली ठेवला.

"सर," ते म्हणाले, "बेटा बेंगलोर में है. बिटिया ब्याह के गई. मिसेज़ को गए दो साल हुए." मग पाटीकडे बघून म्हणाले, "अब तो एक ही बचा है न, सर?"

दुसऱ्या दिवसापासून मी फिरायला मागच्या गल्लीतून जायला लागलो. कुंदानं विचारलं, रस्ता काहून बदलला? मी म्हटलं, तिकडे कुत्री फार झाली आहेत.

* * *

आता रामटेके.

रामटेके म्हणजे आमचा फिजिक्सचा मास्तर. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, मूळचा भंडाऱ्याकडचा. वडील रायपूरजवळच्या उरल्याच्या कारखान्यात होते आणि घर तिथंच शेजारी बीरगांवला. माझ्या घरात इंग्रजी लिहिणारा मी तिसरा. आजोबा पोस्टात, वडील रेल्वेत. त्याच्या घरात तो पहिला. मी त्याला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करायचो. तो मला एकदाही 'सर' आणि 'तुमी' सोडून काही म्हणाला नाही.

शिकवायचा असा की दहावीची पोरं सुट्टीतसुद्धा लॅबमध्ये जाऊन बसायची. पण कपाटावर चिठ्ठी चिकटवली होती, 'लॅब इक्विपमेंट्स'. मी दारातूनच ओरडायचो, "रामटेके, तुझ्या लॅबमध्ये एक एस जास्तीचा हाय रे!"

तो हसून म्हणायचा, "राहू द्या सर, पोट्टे फोडतीन तं एखादा शिल्लक पाहिजे ना!"

त्याला राग यायचा नाही. उलट शिकायची हौस होती. रजेचा अर्ज असो, बोर्डाला पत्र असो, आधी कच्चं लिहून माझ्याकडे आणायचा. "सर, एक डाव पाहून द्या." मी लाल पेनानं रंगवून द्यायचो. तो पक्कं लिहून पाठवायचा आणि कच्चा कागद घडी घालून घरी न्यायचा. फेकत काहून नाही, असं मी एकदा विचारलं. "आई ठेवते," एवढंच म्हणाला.

त्याचा उलगडा विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी झाला. रामटेके आपल्या आईला घेऊन आला होता. बारकीशी म्हातारी, पांढरं लुगडं, पायात नव्या चपला. त्यानं माझी ओळख करून दिली तशी तिनं माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"तुमीच का लाल पेनवाले सायब?"

मी म्हटलं, हो आई.

"माह्या पोराचे सारे कागद तुमीच पास करता म्हणे! मी एकबी फेकत नाई. लाल लिहिलेले सारे डब्यात ठेवून राहिली."

तिला वाचता येत नव्हतं. लाल पेनानं लिहितो तो मोठा साहेब, आणि त्यानं लिहिलं म्हणजे कागद पास, असं तिनं धरून ठेवलं होतं. रामटेके तिच्या मागे उभा राहून माझ्याकडे बघत होता. सांगू नका, असं त्याच्या डोळ्यांत होतं. की सांगा असं होतं, मला आजही नक्की म्हणता येत नाही.

मी म्हणालो, "हो आई, सगळे पास!"

घरी येऊन कुंदाला हा किस्सा सांगितला तेव्हा मी हसत होतो. ती म्हणाली, "मग आता तरी थोडं कमी करा ना पास करणं." मी काही कमी केलं नाही.

* * *

त्याच वर्षी पुण्याला भाच्याचं लग्न होतं. स्टेशनवर उतरलो तोच हॉलवरून फोन आला, कुठवर आलात? मी म्हटलं, "अरे, येऊन राहिलो ना!" हॉलवर पोचलो तर नवरीकडच्या एक बाई वाटच बघत होत्या. "येऊन राहिलात का? मग मुक्काम किती दिवसांचा?" चार लोक हसले. मीही हसलो.

जेवताना त्या पुन्हा आल्या, बरोबर आणखी दोघी. "अहो, यांना ते म्हणून दाखवा ना एकदा. काय ते, मले, तुले! किती गोड वाटतं!"

मी म्हणून दाखवलं! पन्नाशीचा माणूस, इंग्रजीचा मास्तर, हातात जिलबी घेऊन 'मले' आणि 'तुले' म्हणून दाखवत होतो, आणि त्या टाळ्या वाजवत होत्या. जिलबी तशीच ताटात ठेवली. असं वाटत होतं की कुणी तरी माझ्या आईला सगळ्यांसमोर उभं करून तिचं लुगडं निरखत आहे.

परतीच्या गाडीत मी धुमसत होतो. "आपल्याकडे तसंच बोलतात. त्यात चूक काय आहे?"

"काहीच नाही," कुंदा म्हणाली. "रामटेके भाऊंच्या इकडेही इक्विपमेंट्सच बोलत असतीन."

सोमवारी शाळेत गेलो आणि लाल पेनात नवी रिफिल टाकली.

* * *

रामटेकेची आई गेली तेव्हा तो चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला. रविवारी घरी बुद्धवंदना आणि जेवण होतं, त्याचं निमंत्रण साऱ्या स्टाफला द्यायचं होतं. तिवारी मॅडम म्हणाल्या, मी लिहिते ऑर्डर बुकमध्ये. तो म्हणाला, "नहीं मॅडम, माँ का है, मैं खुद लिखूंगा." आणि त्यानं ऑफिसात उभ्या उभ्या लिहिलं. त्या एका कागदाचा कच्चा मसुदा त्यानं माझ्याकडे आणला नाही. आणावा असं त्याच्या मनातही आलं नसेल.

वही माझ्याकडे तिसऱ्या तासाला आली. नववी ब, डिक्टेशन चालू होतं. वाचलं. माझी आई रविवारी वारली, येत्या रविवारी बीरगांवला माझ्या घरी वंदना आणि भोजन आहे. खाली, 'ऑल स्टाफ्स' सहकुटुंब यावेत.

लोक म्हणतील, सवयीनं हात गेला असेल. तसं नव्हतं. कुंदालाही मी बरेच दिवस तसंच सांगितलं. पण मी पूर्ण वाचलं होतं. आई गेली हे वाचलं, तिचे ते दोन्ही हात मला आठवले, आणि तरीही मी लाल पेन काढून स्टाफ्सचा एस कापला. वर नीट लिहिलं, 'स्टाफ'. मग निळ्या पेनानं सही केली.

सोनमती बाजूलाच उभी होती. तिला इंग्रजी वाचता येत नाही. पण वहीत कशाची सूचना आहे हे रामटेकेनं तिला सांगितलं असणार. तिनं त्या लाल रेघेकडे बघितलं.

"येमा घलो, साहेब?"

एवढंच म्हणाली. यातसुद्धा? मग वही उचलली आणि गेली. मी तिला हाक मारू शकलो असतो. दारापासून जिन्यापर्यंत पंधरा पावलं होती, मला तिच्या चपलांचा आवाज येत होता. पण वर्गात चाळीस मुलं पेन धरून बसली होती आणि माझं वाक्य अर्धं राहिलं होतं. मी पुढचं वाक्य सांगितलं.

यादीत रामटेकेचं नाव अकरावं. आमच्याकडे नियम असा की सूचना आपलीच असली तरी वही आपल्यापर्यंत आली की वाचून सही करायची. म्हणजे आपल्या आईची सूचना त्यानं माझ्या लाल रेघेसकट वाचली, आणि सही केली.

मधल्या सुट्टीत तो माझ्याजवळ आला. मी चहाचा कप घट्ट धरून बसलो होतो. म्हणाला, "सर, रविवारी या. वहिनीलेबी आणा."

गेलो. त्यानं स्वतः वाढलं. भाताबरोबर आग्रह करून वांग्याची भाजी दोनदा वाढली. निघताना त्याच्या बहिणीनं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा पुढे केला. आत सगळे माझे लाल रंगवलेले कागद, नीट घड्या घातलेले. "आई कोणाले हात लावू देत नोती," ती म्हणाली. "पास झालेले कागद हायेत म्हणे."

कुंदानं डब्याला हात लावून नमस्कार केला. मी चपला शोधत राहिलो.

* * *

यानंतरचा किस्सा तसा लहान आहे. रामटेके नंतर एकही कागद माझ्याकडे घेऊन आला नाही. अर्ज हिंदीत लिहायला लागला. लॅबच्या कपाटावरची चिठ्ठी गेली, तिथे 'उपकरण' आलं. माझ्याशी बोलणं तसंच राहिलं. नमस्कार सर, जेवण झालं का सर. भांडला असता तर बरं झालं असतं.

तीन वर्षांनी व्हाइस प्रिन्सिपलची जागा निघाली. साऱ्यांना माहीत होतं, ती रामटेकेची आहे. पालक त्याचे, मुलं त्याची, रिझल्ट त्याचा. आमच्याकडे ऑर्डर बुक लिहायचं काम मग व्हाइस प्रिन्सिपलकडे जायचं. तिवारी मॅडमनी त्याला बोलावलं, आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "अजीब आदमी है. मना कर दिया! बोलता है, मॅडम, लिखने का काम मुझसे नहीं होगा. फिजिक्स का एमएससी, और लिखना नहीं होगा?"

मी तिथेच उभा होतो. सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "होतं असं एकेकाचं."

मग मॅडमनी मला विचारलं, आणि मी ती खुर्ची घेतली. हो, घेतली! पगार वाढला, स्टाफरूममध्ये पेढे वाटले. रामटेकेनं पेढा खाल्ला आणि म्हणाला, "अभिनंदन सर." कुंदानं पेढा खाल्ला नाही.

* * *

माझी मुलगी कॅनडात असते. नात इरा नऊ वर्षांची. माझ्या रिटायरमेंटच्या महिन्यात एकदा व्हिडिओ कॉलवर मी विचारलं, मॅथ्स कसं चाललंय? ती म्हणाली, "आबा, इट्स मॅथ." मी म्हटलं, नाही बेटा, शेवटी एस लावायचा असतो. आणि सात हजार मैलांवरून माझा क्लास सुरू झाला. मुलगी मागून म्हणत होती, बाबा, राहू द्या हो.

दुसऱ्या दिवशी इरानं आपल्या टीचरला जाऊन सांगितलं, "माझ्या आबांकडे इंडियात एकापेक्षा जास्त मॅथ आहेत!" वर्ग हसला म्हणे. टीचर हसली नाही. ती म्हणाली, दोन्ही बरोबर आहे, वेगवेगळ्या ठिकाणी लोक वेगवेगळं बोलतात, तुझ्या आबांकडे तसं बोलतात.

इरानं हे मला आनंदानं सांगितलं. "आबा, यू आर ऑल्सो राइट!"

मी फोन ठेवला आणि बाल्कनीत जाऊन बसलो. चौतीस वर्षांत मी हे एक वाक्य एकाही मुलाला सांगितलं नव्हतं, एकाही माणसाला सांगितलं नव्हतं. पुण्याच्या त्या हॉलमध्ये मला कुणी सांगावं म्हणून मात्र तडफडलो होतो. कुंदा बाजूला येऊन बसली. म्हणाली, "रिटायर व्हायला किती दिवस राहिले?"

"अठरा."

"पुष्कळ हायेत," ती म्हणाली.

* * *

अठरापैकी सतरा दिवस मी वाया घालवले. रोज ठरवायचो, रोज लॅबच्या दारातून परत यायचो. शेवटच्या दिवशी सकाळी तिवारी मॅडमनी बोलावलं. "मोहरील सर, आपकी कुर्सी के लिए फिर रामटेके जी से पूछा है. फिर वही जवाब, लिखने का काम नहीं होगा. आप दोनों मराठी हैं, आप ही मनाइए."

जुन्या ऑर्डर बुका माझ्या खुर्चीमागच्या कपाटात असायच्या. तीन वर्षं त्या कपाटाला पाठ लावून बसलो होतो, एकदाही उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. त्या वर्षीची वही सापडली, पान सापडलं. मी सही करून वही दिली त्यानंतर ते पान पहिल्यांदाच बघत होतो. लाल रेघ जराही फिकट झाली नव्हती. पंचवीसच्या पंचवीस सह्या होत्या. अकराव्या नावापुढे रामटेकेची सही, नेहमीसारखी, खाली तारीख.

वही घेऊन लॅबमध्ये गेलो. तासाला कुणी नव्हतं. तो खिडकीशी उभा राहून भिंगं पुसत होता, एकेक उजेडात धरून.

आयुष्यात पहिल्यांदा मी म्हणालो, "रामटेके सर."

त्यानं चमकून पाहिलं.

मी पान उघडून टेबलावर ठेवलं. घरून वाक्यं तयार करून आणली होती, मराठीत, इंग्रजीत, दोन्हीत. एकही आठवलं नाही. "मले माफ करा," म्हणालो. "मी वाचलं होतं. पुरं वाचलं होतं. तरी बी केलं. ती खुर्ची तुमची होती, मी घेतली. आता मॅडमले नाही नका म्हणू."

तो पुढे आला. हात पुसले. पान वाचलं, अगदी सावकाश, वरपासून खालपर्यंत, पंचवीस सह्या. बाहेर मैदानावर ड्रिलचे सर शिट्टी वाजवत होते.

"लिहीन मी," तो म्हणाला. "सांगा मॅडमले. पण हिंदीत लिहीन."

मी मान हलवली. माझ्या खिशात दोन्ही पेनं होती. लाल पेन काढून मी टेबलावर ठेवला, भिंगांच्या बाजूला. त्यानं त्याला हात लावला नाही. वही मिटली, वरची धूळ हातानं पुसली आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. त्याच्या आईनं माझा हात धरला होता, तसे दोन्ही हात.

"राहू द्या सर," तो म्हणाला. "आईचा शेवटला कागद होता. तो बी पास झाला."